चमचाभर जागा

मारुती ८००च्या इंजिनात तीन सिलिंडर असतात. प्रत्येकाचा बोअर, म्हणजे आतला व्यास, ६८.५ मिलिमीटर. पिस्टनचा खालपासून वरपर्यंतचा प्रवास ७२ मिलिमीटर. या दोन आकड्यांवरून एका सिलिंडरची क्षमता निघते २६५.३ सीसी, तिनाने गुणलं की ७९६. आता पिस्टन अगदी वर पोहोचला तरी त्याच्या डोक्यावर थोडी जागा उरतेच. पिस्टन खाली असतानाची एकूण जागा भागिले ही उरलेली जागा, म्हणजे कॉम्प्रेशन रेशो. या इंजिनाचा तो ८.७ ला १. याचा अर्थ उरलेली जागा साधारण ३४.५ सीसी. हाच रेशो १० करायचा, तर ती जागा २९.५ सीसीवर आणावी लागेल. फरक पाच सीसीचा. औषधाच्या बाटलीबरोबर येणाऱ्या चमच्यात मावेल एवढाच.

ही चमचाभर जागा कमी करायला घेणं, हा मोटारीचं इंजिन मुळापासून शिकण्याचा माझ्या मते सगळ्यात चांगला मार्ग आहे. नुसतं इंजिन खोलून पुन्हा जोडलं तर भागांची नावं पाठ होतात, हात बसतो. पण कुठला भाग तसाच का, हा प्रश्न पडत नाही. कॉम्प्रेशन वाढवायचं म्हटलं की तो प्रश्न टाळताच येत नाही. सिलिंडरवरच्या झाकणातून, म्हणजे हेडमधून, अर्धा मिलिमीटर धातू काढला की पेट्रोलचं रसायन, ठिणगीची वेळ, गॅस्केटची जाडी, व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांच्यातलं अंतर या सगळ्यांचा हिशेब नव्याने मांडावा लागतो.

त्यासाठी मारुतीचंच इंजिन का? पहिली मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये ग्राहकाच्या हाती गेली आणि २०१४च्या सुरुवातीला तिचं उत्पादन थांबलं. मधल्या तीस वर्षांत ती इतकी विकली गेली, की आजही तिचं जुनं इंजिन भंगारात मिळतं, ओव्हरसाइज पिस्टन आणि रिंगा मिळतात, आणि ते शंभर वेळा खोललेला मिस्त्री बहुतेक गावांत भेटतो. रचनाही शिकायला सोपी: वर एकच कॅमशाफ्ट, तो फिरवणारा पट्टा, आणि प्रत्येक सिलिंडरला दोनच व्हॉल्व्ह. जुन्या कार्ब्युरेटरच्या मॉडेलमध्ये तर संगणक नाहीच. ठिणगीची वेळ डिस्ट्रिब्युटर हाताने फिरवून बदलता येते. मात्र असं इंजिन रस्त्यावरच्या गाडीत घालायचं नाही. कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलात फेरफार करायला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मनाई करतं. शिकण्यासाठी बांधलेलं इंजिन स्टँडवर किंवा कॉलेजच्या टेस्ट रिगवर चालवावं. पुढे दिसेल की खरं शिक्षण तिथेच होतं.

*

जागा कमी केल्याने इंजिनाला नेमकं काय मिळतं? पुष्कळ जण सांगतात की मिश्रण जास्त दाबलं की स्फोट जोरात होतो. हे अर्धंच खरं आहे. पेट्रोल जळून निघणारी उष्णता तेवढीच असते, कारण पेट्रोल तेवढंच असतं. बदलतं ते पुढचं. तापलेला वायू ८.७ पट फुगला की पिस्टन तळाशी पोहोचतो, एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह उघडतो आणि उरलेली उष्णता सायलेन्सरमधून बाहेर जाते. तोच वायू आणखी छोट्या जागेतून फुगायला लागला तर तळाशी येईपर्यंत १० पट फुगतो. जास्त फुगला म्हणजे पिस्टनवर जास्त काम करून, जास्त थंड होऊन बाहेर पडला. उच्च कॉम्प्रेशनची खरी कमाई या फुगण्यात आहे. दाबणं ही तिची किंमत.

कमाई किती, याचं आदर्श गणित सोपं आहे. जर्मनीत निकोलाउस ऑटोने १८७६ साली चार स्ट्रोकचं इंजिन चालवून दाखवलं, तेव्हा कॉम्प्रेशन रेशो अडीचच्या आसपास होता. घर्षण नाही, भिंतींमधून उष्णता जात नाही असं धरलं, तर अडीचला कार्यक्षमता ३१ टक्के येते. ४ ला ती ४३ टक्के, ८.७ ला ५८ आणि १० ला ६०. प्रत्यक्षातले आकडे याच्या निम्म्याजवळ राहतात, पण चढ कसा आहे ते यावरून कळतं. सुरुवातीला तो खडा आहे आणि पुढे सपाट होत जातो. अडीचपासून पावणेनऊपर्यंत येताना जवळपास दुप्पट लाभ झाला. तिथून दहापर्यंत जाताना शंभराला चारच. म्हणजे ३७ अश्वशक्तीच्या मारुतीची चमचाभर जागा काढून कुणी तिला शर्यतीची गाडी करायची स्वप्नं पाहत असेल, तर हिशेब त्याच्या बाजूने नाही. अश्वशक्ती मिळेल एक-दीड.

किंमत मात्र लगेच दिसते. सायकलला हवा भरताना पंपाचं खालचं टोक हाताला चटका देतं, ते हवा दाबल्यामुळे. इंजिनातही तेच घडतं. ८.७ ला दाबलेल्या हवेचा दाब आदर्श गणितात सुमारे २१ पट वाढतो आणि तापमान २७ अंशांवरून ४४० अंशांवर जातं. १० ला दाब २५ पट आणि तापमान ४८० अंश. खऱ्या इंजिनात पेट्रोलची वाफ मिसळलेली असल्याने आणि भिंती उष्णता ओढून घेत असल्याने हे आकडे खाली येतात. पण चाळीस अंशांचा फरक साधारण तसाच पुढे सरकतो. ठिणगी पडायच्या आधीच मिश्रण इतकं तापलेलं असेल, तर पुढे काय होईल? या प्रश्नाने मोटार उद्योगाची पन्नास वर्षं खाल्ली.

*

ठिणगी पडल्यावर सगळं मिश्रण एकदम पेटत नाही. प्लगपाशी ज्वाळेचा लहानसा गोळा तयार होतो आणि सेकंदाला वीस-तीस मीटरच्या वेगाने पसरतो. मारुतीच्या बोअरच्या पलीकडच्या कडेला पोहोचायला त्याला दोन मिलिसेकंदांहून अधिक वेळ लागतो. तेवढ्यात ३००० आरपीएमला क्रँक चाळीसएक अंश फिरून गेलेला असतो. या काळात मागे जळलेला वायू फुगत असतो आणि पुढचं न जळलेलं मिश्रण पलीकडच्या भिंतीशी आणखी दाबलं जातं, आणखी तापतं. ज्वाळा तिथे वेळेत पोहोचली तर ठीक. नाही पोहोचली, तर कोपऱ्यातलं ते मिश्रण आपोआप, सगळं एका क्षणात पेटतं. त्यातून उठलेली दाबाची लाट सिलिंडरच्या एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर आपटत राहते. मारुतीएवढ्या बोअरला ही कंपनं सेकंदाला आठ हजारांच्या आसपास पडतात. धातूवर बारीक हातोडी वाजावी तसा जो आवाज चढावर जुन्या गाड्यांतून येतो, तो हाच. मिस्त्री म्हणतो, ‘गाडी नॉक करतेय.’

नॉकिंग धोक्याचं आहे ते आवाजामुळे नव्हे. पिस्टनच्या पृष्ठभागाला चिकटून थंड वायूचा एक पातळ थर असतो. आत दोन हजार अंशांहून जास्त तापमान असताना ॲल्युमिनियमचा पिस्टन वितळत नाही, तो या थराच्या कृपेने. दाबाच्या लाटा तो थर खरवडून काढतात आणि उष्णता थेट धातूत शिरते. मग पिस्टनच्या कडेवर सुईने टोचल्यासारखे खड्डे पडतात, रिंगांमधल्या भिंती तुटतात आणि वेळीच थांबवलं नाही तर पिस्टनला भोकही पडतं.

याचा शास्त्रशुद्ध अभ्यास ज्याने उभा केला, त्या हॅरी रिकार्डोबद्दल मला फार आदर आहे. पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ साली, या इंग्रज इंजिनिअरने ई-३५ नावाचं एक सिलिंडरचं इंजिन बांधलं. ते चालू असतानाच त्याचा सिलिंडर वर-खाली सरकवून कॉम्प्रेशन रेशो बदलता येत असे. एकेक इंधन घालायचं, रेशो हळूहळू वाढवायचा आणि नॉकिंग कुठे सुरू होतं ते लिहून ठेवायचं. त्या काळी पेट्रोलची प्रत त्याच्या हलकेपणावर ठरायची. हलकं ते चांगलं. रिकार्डोच्या चाचण्यांत उलटच दिसलं. टोल्युइनसारखे अरोमॅटिक पदार्थ ज्यात जास्त, ते ‘जड’ पेट्रोल कितीतरी अधिक दाब सहन करत होतं. कॉम्प्रेशनची मर्यादा इंजिनापेक्षा इंधन ठरवतं, हे त्याने आकड्यांनिशी मांडलं.

अमेरिकेत तोच प्रश्न वेगळ्या वाटेने सुटला आणि ती वाट फार महाग पडली. बॅटरीवरची इग्निशन पद्धत रूढ करणारे चार्ल्स केटरिंग यांच्यावर आरोप होता, की नॉकिंग त्यांच्या इग्निशनमुळेच होतं. त्यांनी थॉमस मिजली या तरुण इंजिनिअरला कारण शोधायला बसवलं. मिजलीचा पहिला तर्क असा, की इंधन लाल रंगवलं तर ते उष्णता लवकर शोषेल, लवकर वाफ होईल आणि नॉकिंग थांबेल. हाताशी लाल रंग नव्हता, म्हणून त्याने आयोडीन घातलं. नॉकिंग थांबलं! नंतर खरे लाल रंग घालून पाहिले, तर काहीच फरक पडला नाही. कमाल रंगाची नव्हती, आयोडीनच्या रसायनाची होती. मग एकामागून एक पदार्थ तपासले गेले आणि ९ डिसेंबर १९२१ रोजी डेटन इथल्या जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत टेट्राएथिल लेड, शिशाचं एक संयुग, सापडलं. पेट्रोलमध्ये ते चिमूटभर पुरत होतं. १९२३ मध्ये ते पंपावर विकायला आलं आणि पुढच्याच वर्षी न्यू जर्सीतल्या बेवे इथे ते बनवणारे पाच कामगार शिशाच्या विषबाधेने दगावले. तरी ते पेट्रोल जगभर पसरलं. भारतभर शिसं नसलेलं पेट्रोल सक्तीचं व्हायला १ फेब्रुवारी २००० उजाडला.

यातली मनाला लागणारी गोष्ट अशी, की अल्कोहोल मिसळल्यानेही नॉकिंग थांबतं हे मिजलीला माहीत होतं; त्याने तशी प्रात्यक्षिकंही केली होती. शंभर वर्षांनी आपण तिथेच येऊन पोहोचलो आहोत. आज आपल्या पंपांवर सर्रास मिळणारं ई-२० पेट्रोल म्हणजे त्यात २० टक्के इथेनॉल, आणि त्यातलं काही महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांच्या डिस्टिलऱ्यांमधून येतं.

ऑक्टेन नंबरबद्दल इथेच बोललेलं बरं, कारण त्याच्याइतका गैरसमज दुसऱ्या कुठल्या आकड्याबद्दल नसेल. १९२६च्या सुमारास ग्रॅहम एडगर या रसायनशास्त्रज्ञाने दोन शुद्ध पदार्थ निवडले. आयसोऑक्टेन नॉकिंगला दाद देत नाही, त्याला १०० गुण. हेप्टेन लगेच नॉक करतं, त्याला शून्य. हे हेप्टेन कॅलिफोर्नियातल्या जेफ्री पाइन झाडाच्या राळेपासून मिळायचं. कुठलंही पेट्रोल एका ठरलेल्या, रेशो बदलता येणाऱ्या एकसिलिंडर इंजिनात चालवायचं आणि ते या दोघांच्या कुठल्या मिश्रणासारखं वागतं ते पाहायचं. ९१ ऑक्टेन म्हणजे ९१ भाग आयसोऑक्टेन आणि ९ भाग हेप्टेन यांच्या मिश्रणासारखं. या आकड्याचा पेट्रोलच्या ताकदीशी काही संबंध नाही. साध्या मारुतीत १०० ऑक्टेनचं महागडं पेट्रोल भरणारा आपले पैसे फुकट घालवतो, कारण ८.७ रेशोच्या इंजिनाला त्या सहनशक्तीची गरजच पडत नाही.

बीएस-६ मानकांत साध्या पेट्रोलला किमान ९१ ऑक्टेन लागतो. ई-२० साठी सरकारने ९५चा आकडा दिला आहे. शुद्ध इथेनॉलचा ऑक्टेन १०८च्या घरात. शिवाय वाफ होताना ते किलोमागे पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता शोषतं आणि आत येणारं मिश्रण थंड करतं. पण त्यात ऊर्जा पेट्रोलपेक्षा एक तृतीयांशाने कमी असते. जुन्या, कमी रेशोच्या इंजिनात ई-२० घातलं तर तोटा तेवढा पदरात पडतो आणि ऑक्टेनचा फायदा वाया जातो. रेशो वाढवलेल्या इंजिनात त्या तोट्यातला थोडा तरी भाग भरून काढता येतो. चमचाभर जागेचा हा खटाटोप आज, आपल्याकडे, करून पाहण्याजोगा वाटतो तो यासाठी.

*

आता हेड उतरवू. पहिलं काम कार्बन खरवडण्याचं. वर्षानुवर्षं साठलेला कार्बन स्वतःच जागा अडवतो, म्हणून जुन्या इंजिनाचा रेशो मालकाच्या नकळत वाढलेला असतो. तो साफ केल्याशिवाय घेतलेलं माप खोटं.

माप घ्यायचं ते पाण्याने. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतली ५० मिलिलिटरची ब्युरेट आणा. तिच्यावर एकदशांश मिलिलिटरपर्यंत खुणा असतात. हेड उलटं करून टेबलावर ठेवा. व्हॉल्व्हच्या सीटवर पातळ ग्रीस लावून व्हॉल्व्ह बसवा, प्लग घट्ट करा. चेंबरच्या, म्हणजे हेडमधल्या खळग्याच्या, कडेला ग्रीसची रेघ ओढून तिच्यावर अ‍ॅक्रिलिकचा जाड तुकडा दाबून बसवा. तुकड्याला एका कडेला छोटं भोक हवं आणि हेड थोडं कललेलं हवं, म्हणजे भोक सगळ्यात उंचावर राहील आणि हवा तिथून निसटेल. रंगवलेल्या पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाकला की बुडबुडे चिकटत नाहीत. आता ब्युरेटचा नळ सोडा. पारदर्शक झाकणाखाली रंगीत पाणी कडेकडेने चढताना दिसतं, प्लगभोवती वळसा घालतं, आणि शेवटी भोकाखाली मुगाएवढा एक बुडबुडा उरतो. तो जाईपर्यंत थेंबथेंब सोडायचं आणि आकडा वाचायचा.

समजा तीन चेंबर २८.८, २९.३ आणि २८.४ असे निघाले. ओतीव कामात एवढा फरक नेहमीचाच. पण जागा फक्त हेडमध्ये नसते. दाबल्यावर गॅस्केट १.२ मिलिमीटर राहतं आणि त्याचं भोक ७० मिलिमीटरचं आहे असं धरू, तिथे ४.६ सीसी. पिस्टन वर आल्यावर ब्लॉकच्या पृष्ठभागाच्या ०.३ मिलिमीटर खाली थांबत असेल, तर आणखी १.१ सीसी. पिस्टनच्या माथ्यावर खळगा असेल तर तोही असाच पाणी भरून मोजावा लागतो. सपाट पिस्टन धरून बेरीज केली, तर पहिल्या सिलिंडरची जागा ३४.५ आणि रेशो ८.७. दुसऱ्याचा ८.६, तिसऱ्याचा ८.८. एकाच इंजिनात तीन रेशो!

हा फरक मूळ इंजिनात खपून जातो. रेशो चढवला की खपत नाही. ३४ सीसीच्या जागेत अर्ध्या सीसीचा फरक रेशोला एक दशांशाने हलवतो. २९ सीसीच्या जागेत तोच अर्धा सीसी त्याच्या १.४ पट हलवतो. सगळ्यात जास्त रेशोचा सिलिंडर आधी नॉक करणार आणि त्याच्यासाठी बाकी दोघांची ठिणगीही मागे न्यावी, म्हणजे उशिरा पाडावी, लागणार. म्हणून आधी तिन्ही चेंबर सारखे करायचे: लहान चेंबरमधून हँड ग्राइंडरने चिमूटभर धातू काढायचा, पुन्हा पाणी भरून बघायचं, परत काढायचा. कंटाळवाणं काम आहे, आणि याच कामात माणूस सर्वाधिक शिकतो.

मग जागा कमी कुठून करायची? दोन वाटा आहेत आणि दोन्ही सारख्या नाहीत. हेडचं फेसिंग केलं, म्हणजे त्याचा सपाट पृष्ठभाग यंत्रावर घासून खाली आणला, तर चेंबरची खोली कमी होते. ब्लॉकचं फेसिंग केलं तर पिस्टन हेडच्या जवळ जातो. पुष्कळ हेडमध्ये चेंबर अख्खा बोअर व्यापत नाही. कडेला हेडचा सपाट भाग पिस्टनच्या माथ्यासमोर येतो. पिस्टन वर येताना त्या फटीतलं मिश्रण चेंबरमध्ये जोरात ढकललं जातं, तिथे खळबळ माजते आणि ज्वाळा झपाट्याने पसरते. वर पाहिलंच आहे, ज्वाळा लवकर पोहोचली तर नॉकिंग टळतं. खळबळीचा असा हेतुपुरस्सर वापर रिकार्डोने १९१९च्या सुमारास आपल्या हेडमध्ये केला होता. ही फट एक मिलिमीटरच्या आसपास असेल तर चांगलं काम करते. दोन झाली तर जवळपास निकामी होते आणि फारच कमी ठेवली तर जोरात फिरताना, कनेक्टिंग रॉड ताणला गेल्यावर, पिस्टन हेडला टेकतो. हेडच्या फेसिंगने ही फट बदलत नाही, कारण गॅस्केट तेवढंच राहतं. ब्लॉकच्या फेसिंगने बदलते. म्हणून आधी ब्लॉकमधून ०.३ मिलिमीटर काढून पिस्टन पृष्ठभागाच्या पातळीवर आणावा. रेशो तर वाढतोच, फटही १.५ वरून १.२ वर येते. कमी जागेत नॉकिंगचा धोका वाढतो खरा, पण या एका कामात धोका आणि त्यावरचा उपाय दोन्ही बरोबर येतात.

उरलेलं हेडमधून. किती काढायचं यासाठी जुन्या मिस्त्रींची एक सुरेख युक्ती आहे. हेड लेव्हलमध्ये, अगदी आडवं ठेवायचं. चेंबरमध्ये आपल्याला शेवटी जेवढी जागा हवी तेवढंच पाणी ब्युरेटने सोडायचं आणि हेडच्या कडेपासून पाण्यापर्यंतची खोली मोजायची. तेवढाच धातू काढायचा. आकार कितीही वेडावाकडा असो, गणित पाणी करतं.

इथे बहुतेकांचा दहाचा बेत मोडतो. तिन्ही चेंबर आता सगळ्यात मोठ्याएवढे, २९.३ सीसीचे, झालेले आहेत. तीस चौरस सेंटिमीटर तोंडाच्या चेंबरमधून उरलेले ४.४ सीसी काढायचे, तर फेसिंग जवळपास १.५ मिलिमीटर. जुनं ॲल्युमिनियमचं हेड एकदा तापून आधीच फेस झालेलं असेल, तर एवढा धातू त्यात शिल्लक नसतो. मी म्हणेन पहिल्या इंजिनाला साडेनऊ पुरे. त्यासाठी उरलेली जागा ३१.२ सीसी हवी, ब्लॉकमधून १.१ निघाले, हेडमधून २.७, म्हणजे ०.९ मिलिमीटर. हेड खाली आल्याने कॅमशाफ्ट क्रँकच्या जवळ येतो आणि पट्ट्यावर चालणाऱ्या इंजिनात व्हॉल्व्हची वेळ किंचित मागे पडते, हेही लक्षात ठेवायचं.

जोडणीतल्या सगळ्या पायऱ्या इथे सांगत नाही. त्या दुरुस्तीच्या पुस्तकात मिळतात. दोन गोष्टींवर मात्र जोर देतो. पहिली, व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांच्यातलं अंतर. पिस्टनच्या माथ्यावर मुलांच्या खेळण्यातल्या क्लेची चकती ठेवा, हेड गॅस्केटसह बसवा, टायमिंग लावा आणि क्रँक हाताने पूर्ण दोन फेरे फिरवा. कुठे अडकलं तर जोर लावायचा नाही. हेड काढून क्ले ब्लेडने कापली की व्हॉल्व्हने उमटवलेला ठसा दिसतो. सगळ्यात पातळ जागी दीड मिलिमीटरपेक्षा कमी उरलं असेल तर पुढे जाऊ नका.

दुसरी, पिस्टन नेमका सर्वोच्च स्थानी कधी आहे. डायल गेज लावून पाहिलं तर काटा वर जाऊन थांबतो आणि क्रँक तीन अंश फिरला तरी पिस्टन जेमतेम सहा शतांश मिलिमीटर उतरलेला असतो. ‘आता वर आला’ असं नजरेने ठरवलं तर तीन अंशांची चूक सहज होते, आणि ठिणगीच्या बाबतीत तीन अंश फार झाले. म्हणून पिस्टन वरपासून समजा दोन मिलिमीटर खाली असतानाची खूण पुलीवर आधी चढताना करायची, मग उतरताना करायची. दोन खुणांचा बरोबर मध्य तोच खरा बिंदू.

*

इंजिन पहिल्यांदा चालू होतं तेव्हा सगळ्यांचे चेहरे फुलतात, पण स्टँडवर रिकामं फिरणारं इंजिन कॉम्प्रेशनबद्दल काहीच सांगत नाही. भार नसताना थ्रॉटल जवळजवळ बंद असतो, सिलिंडरमध्ये थोडंच मिश्रण जातं, दाब कमीच राहतो. नॉकिंग बघायचं तर इंजिनावर ओझं हवं, आणि ते मोजता आलं पाहिजे. यासाठी डायनॅमोमीटर लागतो. मारुती ८००च्या इंजिनाला डायनॅमोमीटर जोडलेल्या रिग अनेक इंजिनिअरिंग कॉलेजांत आहेत. रिकार्डोसारखा चालू इंजिनात रेशो बदलून पाहायचा असेल, तर सांगलीची अपेक्स इनोव्हेशन्स ही कंपनी सिलिंडर ब्लॉक कलता करून रेशो बदलणाऱ्या एकसिलिंडर रिग बनवते; देशभरच्या कॉलेजांत त्या गेल्या आहेत. आपल्याकडे हे यंत्र आहे हेच कित्येक विद्यार्थ्यांना शेवटच्या वर्षापर्यंत कळत नाही, याचं वाईट वाटतं.

भार द्यायच्या आधी गरम इंजिनाची कॉम्प्रेशन टेस्ट घ्यावी: तिन्ही प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडून. तिन्ही सिलिंडरांचे आकडे एकमेकांच्या दहा टक्क्यांत हवेत. एखादा कमी आला तर त्यात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा बघावं. आकडा चढला तर दोष रिंगांचा, नाही चढला तर व्हॉल्व्हचा किंवा गॅस्केटचा. कार्ब्युरेटरचंही पाहावं लागतं. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्याने ई-२० ला हवा कमी लागते. पेट्रोलसाठी बेतलेल्या जेटमधून मिश्रण सात-आठ टक्के पातळ जातं. मोठा जेट घालावा, आणि जुने रबरी पाइप व इंजिनाच्या इंधन पंपाचा पडदा आधीच बदलावा, कारण इथेनॉल जुन्या रबराला पोखरतं.

मग २५०० आरपीएमला थ्रॉटल पूर्ण उघडायचा, डायनॅमोमीटरने वेग धरून ठेवायचा आणि डिस्ट्रिब्युटर दोन-दोन अंशांनी पुढे न्यायचा. प्रत्येक वेळी टॉर्क लिहायचा. तो आधी भराभर वाढतो, मग वाढ मंदावते, एका ठिकाणी सपाट होतो आणि पुढे कमी होऊ लागतो. त्या सपाट माथ्यावर सिलिंडरमधला सर्वोच्च दाब पिस्टन वर पोहोचून क्रँक पंधराएक अंश पुढे फिरल्यावर येत असतो. प्रश्न एवढाच, की माथ्यापर्यंत पोहोचता येतं का? आधीच नॉकिंग सुरू झालं आणि ठिणगी मागे घ्यावी लागली, तर जास्त कॉम्प्रेशनने दिलेले दोन-तीन टक्के उशिराच्या ठिणगीने परत घेतले असं समजावं. अशा इंजिनाचा रेशो त्या इंधनासाठी जास्त झाला आहे, मग तो कागदावर कितीही आकर्षक दिसो. माथा गाठता आला आणि त्याच्यापुढे दोन-तीन अंश गेल्यावरच नॉकिंग आलं, तर रेशो बरोबर बसला.

कानावर पूर्ण भरवसा ठेवू नये. रिगच्या गोंगाटात बारीक नॉकिंग ऐकू येत नाही. चाचणी संपली की प्लग काढून पांढऱ्या पोर्सेलीनकडे भिंगातून बघावं. मिठाच्या कणांपेक्षाही बारीक चमकदार ठिपके दिसले, तर ते पिस्टनचं ॲल्युमिनियम आहे. तसं दिसलं तर ठिणगी मागे घेऊन तीच चाचणी त्याच इंधनावर परत करावी. वहीत टॉर्कच्या शेजारी पेट्रोल कुठलं, आत जाणाऱ्या हवेचं तापमान किती, हेही लिहावं. जानेवारीत पुण्याच्या थंड सकाळी माथ्यावर शांत चाललेलं इंजिन मे महिन्यात नागपूरच्या पंचेचाळीस अंशांत त्याच टायमिंगवर नॉक करू शकतं. म्हणून थंडीत ट्यूनिंग करणाऱ्याने माथ्याच्या दोन अंश मागेच थांबावं.